कोपरा कापलेली कार्डं

अण्णांचं नाव आता घ्यायला हरकत नाही. भुजंगराव मोकाशी. बारा वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. त्यांच्या भागात, बसवनगुडीत, ते सगळ्यांचेच अण्णा होते आणि दारावरच्या पाटीवर नुसतंच 'मोकाशी' होतं. त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. त्या दिवसापासून मी ते तोंडी येऊ दिलं नाही.

त्यांना जाऊन दोन महिने झाले. मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी चिटणीसांचा फोन आला. "तुमचा एवढा संबंध होता माणिकताई, दोन पानं द्या. आठवणी हो, चांगल्या." मी दोन पानं दिली. त्यात खोटं काही नाही. पण ती लिहिताना जे बाजूला काढून ठेवावं लागलं ते काही केल्या बाजूला राहीना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

मी नोकरीसाठी मिरजेहून इथे आले. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. बटण कुठे आहे, ते दाबल्यावर काय होतं, असलं लेखन. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरची एक मुलगी दुपारच्या सुट्टीत टॅरोची पानं मांडून भविष्य सांगायची. एकदा तिने माझ्यासाठी पान काढलं. सिंहासनावर बसलेला, उंच टोपीचा एक धर्मगुरू. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'हायरोफंट'.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"प्रीस्ट टाइप," ती म्हणाली. "तुला कुणीतरी गुरू मिळणार."

त्या शनिवारी मी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाशी उभी होते. रजिस्टर घेऊन बसलेल्या गृहस्थांना सहज विचारलं, इथे ग्रीक शब्दांचा कोश असेल का. त्यांनी मान वर केली. ठेंगणी मूर्ती, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात ब्लेडने टोक काढलेल्या दोन पेन्सिली. त्या एवढ्याशा माणसातून भलामोठा, घुमणारा आवाज आला.

"कुठला शब्द?"

मी सांगितला.

"हिएरोफांतेस," त्यांनी सावकाश उच्चारलं. "म्हण बघू."

मी म्हटला. त्यांनी तीनदा म्हणून घेतला, माझं गाव कुठलं ते विचारून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या मिरजेकडं पुजारी काय करतो?"

"पूजा करतो. मंत्र म्हणतो."

"आणि हा?"

"हाही तेच करत असेल."

"नाही. हा दाखवतो." त्यांनी रजिस्टरमधून एक कोरं कार्ड काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि हळूहळू उलटं केलं. "हिएरोस म्हणजे पवित्र. फाइनेइन म्हणजे प्रकाशात आणणं. जो पवित्र वस्तू उजेडात धरतो, तो. सरी, बरोबर? ते सिंहासन आणि टोपी पुढच्या लोकांनी घातली त्याच्या डोक्यावर."

कार्डाची ती दुसरी बाजूही कोरीच होती. तरी मी वाकून पाहिलं. ते हसले. "बघितलंस ना? एवढंच करायचा तो."

अण्णा एका सरकारी कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागले आणि साहाय्यक म्हणूनच निवृत्त झाले. पदवी नव्हती. चार पिढ्यांच्याही आधीपासून त्यांचं घराणं इथलं; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि दोन्हींची सरमिसळ जिभेवर. ग्रीक लिपी ते एका वृद्ध फादरांकडून शिकले होते. फादर कारखान्याच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं वाचायला यायचे आणि त्या बदल्यात अण्णांना रोज दहा ओळी शिकवायचे. अण्णांचं ग्रीक तेवढंच होतं, दहा-दहा ओळींचं. पण मोठ्याने वाचायला लागले की खोली भरून जायची.

त्यांना एक पुस्तक करायचं होतं. जुन्या ग्रीकांकडे देवळातल्या माणसांना किती नावं होती आणि त्या नावांची मुळं काय, ते मराठीत सांगणारं. आपल्याकडे गुरव वेगळा, जोशी वेगळा, भट वेगळा, त्यांच्याकडेही तसंच. मशाल धरणारा एक, शकुन सांगणारा दुसरा, देऊळ झाडणारा तिसरा. झाडणाऱ्याचं पद पुढे पुढे मोठ्या मानाचं झालं, हे सांगताना ते घरात झाडू मारणाऱ्या आपल्या बहिणीकडे बघत. बहीण त्यांच्याहून पाच वर्षांनी धाकटी, तरी तिला सगळे अक्का म्हणत. ती झाडू थांबवून म्हणे, "मान नको मला. पाय वर घे."

काम शनिवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत चाले. आम्ही तिघं असू. अण्णा, मी आणि दामले. दामले पुण्याचे, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांना शब्दांत फारसा रस नव्हता. घरी बसलो तर बायको भाजी निवडायला लावते, म्हणून येतो, असं ते उघड सांगत. पण वैदिक कोश चाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पद्धत अण्णांची होती. एका शब्दाला एक जाड कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली मुळं, मग आधार. सगळं पेन्सिलीने. आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात ज्याने शोधलं त्याची आद्याक्षरं. माझी 'मा. स.'

"हे कशाला?" दामल्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळाय पाहिजे की."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तर पुस्तकात नाव," अण्णा म्हणाले. "प्रस्तावनेत. तिघांचंही."

हे त्यांनी म्हटलं होतं. मी ऐकलं, दामल्यांनी ऐकलं, कॉफी घेऊन दारात उभ्या असलेल्या अक्कांनीही ऐकलं. त्या रविवारी मी आईला फोनवर सांगितलं, की माझं नाव एका पुस्तकात येणार आहे. आईने विचारलं, "बटणांच्या?" मी म्हटलं, नाही, खऱ्या. त्यानंतर दर रविवारी ती विचारायची, "झालं का तुमचं पुस्तक?" पुस्तकाला लागली तेवढी बारा वर्षं ती थांबली.

'मला माहीत नाही' असं अण्णा कधी म्हणत नसत. म्हणत, "ते कार्ड अजून कोरं आहे." कॉफी अर्धीच घेत, "स्वल्प, स्वल्प" म्हणत पेला पुढे करत आणि दिवसातून सहा वेळा करत. भिंतीच्या फळीवर कोशांच्या शेजारी कॉफीच्या पुडीचे चार जुने पत्र्याचे डबे ओळीने ठेवलेले असत. एकात पेन्सिली, एकात टाचण्या, एकात रबरबँड. पावसाळ्यात ते झाकणं घट्ट आहेत का बघत. दमट हवेने कार्डं वाकतात म्हणून कार्डांच्या खोक्यांवर जुनं धोतर पांघरून ठेवत.

एकदा भर दुपारी बाराला ते मला मागच्या गल्लीतल्या हनुमंताच्या देवळात घेऊन गेले. गाभाऱ्यावर लाल पडदा ओढलेला. आत भांड्यांचा, पाण्याचा आवाज. बाहेर आम्ही पंधरा-वीस जण नुसत्या पडद्याकडे बघत उभे. बराच वेळ. मग घंटा सुरू झाली, पडदा सर्रकन बाजूला गेला आणि काळ्या मूर्तीपुढे आरती वर उचललेली. सगळ्यांचे हात एकदम जोडले गेले. माझेही.

"हा बघ," अण्णा कानाशी पुटपुटले. "हिएरोफांतेस."

बाहेर पडताना त्यांनी त्या तरुण अर्चकाला कन्नडमध्ये सगळं समजावलं. एल्युसिस नावाच्या गावी धान्याच्या देवीचे गुप्त विधी होत, अंधाऱ्या दालनात लोक वाट बघत आणि अखेरीस तुझ्यासारखाच एक जण येऊन आतली वस्तू दाखवत असे. काय दाखवत असे ते अजून कुणाला माहीत नाही, कारण बघितलेल्यांनी सांगितलंच नाही.

अर्चकाने शांतपणे ऐकून घेतलं. "सरी," तो म्हणाला. "त्यांना सुट्टी असायची का?"

अण्णा महिनाभर ते सांगत होते. प्रत्येक वेळी तेवढंच हसून.

त्या शब्दाचं कार्ड त्यांनी मला दिलं. "तुझ्या पायानं आलेला शब्द आहे, तूच पुरा कर." मला त्यावर वर्षाहून जास्त लागलं. रविवारी मी ग्रंथालयांत बसत होते, ऑफिसच्या बसमध्ये टिपणं वाचत होते. पुढे मेट्रो आली तेव्हा घरून, महादेवपुऱ्याहून, बसवनगुडीपर्यंतच्या प्रवासात माझी पानंच्या पानं होऊ लागली. 'फाइनेइन'चं मूळ आपल्या 'भा'शी जुळतं. भानु, आभा ही सगळी त्याच घरातली. हे अण्णांना ठाऊक होतं. 'हिएरोस'चं नातं वेदातल्या 'इषिर' या शब्दाशी असावं, असं काही अभ्यासक मानतात. इषिर म्हणजे जोमदार, सळसळणारा. हे दामल्यांनी आणि मी मिळून काढलं. म्हणजे पवित्र या शब्दाच्या तळाशी काहीतरी सळसळतं होतं. दामले म्हणाले, "आमच्याकडे पवित्र म्हटलं की हात लावू नको एवढंच कळायचं."

आणि मग मला ती नावाची गोष्ट सापडली.

हिएरोफांतेस व्हायचं म्हणजे माणसाने आपलं नाव सोडायचं. ते पद आयुष्यभराचं. ज्या दिवशी तो त्या पदावर बसे, त्या दिवसापासून त्याचं जन्माचं नाव कुणी घ्यायचं नाही. लोक त्याला पदानेच हाक मारत. ते नाव समुद्राने नेलं, असं एका जुन्या शिलालेखात म्हटलेलं आहे. पण तो गेला, की बंधन संपे. मग त्याचं नाव उच्चारता येई. एका हिएरोफांतेसच्या मुलांनी बापाच्या मरणानंतर त्याचं नाव दगडावर कोरून सगळ्यांना सांगितलं होतं.

मी हे कार्डावर लिहून नेलं. जागा पुरली नव्हती म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं होतं. अण्णांनी वाचलं. एरवी ते लगेच मोठ्याने वाचत. त्या दिवशी मनात वाचलं. उलटून पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचलं.

"हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. बारा वर्षांत हे वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं. "हे तुझं. कोपऱ्यात सही कर. मोठी कर."

मी मोठी केली. 'मा. स.' कोपऱ्यात मावेना. 'मा'चा काना आधारांच्या ओळीत घुसला. अण्णा म्हणाले, "घुसू दे."

त्या शनिवारी पेल्यातली सगळी कॉफी त्यांनी संपवली. अक्कांनी रिकामा पेला उचलून आत बघितलं आणि मला विचारलं, "काय केलंस गं याला?"

पुस्तक छापायला जायच्या आधीच्या वर्षी मी एका शनिवारी गेले, तर पुऱ्या झालेल्या सगळ्या कार्डांचा उजवीकडचा खालचा कोपरा कापलेला. एकसारखा, तिरका, कात्रीने. माझ्या हातातल्या कार्डावर आधारांची ओळ होती, त्याखाली तिरकी कड आणि पुढे काही नाही.

"हे काय अण्णा?"

"आमच्या कारखान्यात भोकं पाडलेली कार्डं असायची," ते म्हणाले. "त्यांचा एक कोपरा कापलेला असायचा. शंभर कार्डांत एक उलटं पडलं तर लगेच कळायचं. छापखान्यात दहा हात लागणार. उलटंसुलटं झालं म्हणजे?"

"आणि आमच्या सह्या?"

"यादी केली की. प्रस्तावनेत घालतो म्हटलं ना? सरी, बस. कॉफी घे."

त्यांनी मूठभर कार्डं घेऊन टेबलावर ठोकली, सगळे कापलेले कोपरे एका रेषेत आले. खरंच फार सुबक दिसत होतं. मी यादी दाखवा म्हटलं नाही. कापलेले तुकडे कुठे गेले तेही विचारलं नाही. ज्यांच्याकडून आपण शिकतो त्यांच्याकडे यादी मागायची नसते, असं मला वाटत होतं. दामल्यांनी एक कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते खाली ठेवलं.

प्रकाशन मंडळाच्या हॉलमध्ये झालं. अण्णा भाषणाला उभे राहिले. पहिल्या रांगेत कॉलेजांतले दोन प्राध्यापक बसले होते. त्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी अण्णांच्या तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही मूळ ग्रीक वाचता, की नुसते कोश चाळता?" अण्णांनी त्या दिवशी कागद हातात घेतला नाही. तो घुमणारा आवाज, आणि समुद्राने नेलेल्या नावाची ती गोष्ट. त्यांनी ती अशी सांगितली की मागच्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. माझ्याही अंगावर काटा आला. मी जणू पहिल्यांदाच ऐकत होते.

दामले माझ्या शेजारी बसून पुस्तक चाळत होते. प्रस्तावना त्यांनी दोनदा वाचली आणि बोट ठेवून पुस्तक माझ्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, की हे काम लेखकाने अनेक वर्षं एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय केलं आहे.

"माणिकताई," ते हळूच म्हणाले, "आपली नावं समुद्रात गेली. यांचं तेवढं तरंगलं."

मी शेवटचं पान पाहिलं. मग पहिलं. मग हिएरोफांतेसचं पान काढलं. माझं वाक्यन् वाक्य तिथे होतं, माझ्या स्वल्पविरामांसकट.

पुस्तक मी आईला पाठवलं नाही. पण प्रकाशनाची बातमी तिला भाचीकडून कळली आणि तिने कुणाकडून तरी मागवून घेतलं. मी दिवाळीत मिरजेला गेले, तेव्हा ती खिडकीशी बसून भिंगातून एकेक पान बघत होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला भिंगाशिवाय वाचता येत नसे. निम्म्यापर्यंत आली होती.

"कुठल्या पानावर आहे गं?" तिने विचारलं. "मला सापडेना."

"पुढच्या आवृत्तीत येणार आहे," मी म्हटलं.

तिने भिंग खाली ठेवलं. मग पुस्तक मिटून पदराने पुसलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यानंतर रविवारच्या फोनवर तिने पुस्तकाचं नाव कधी काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

त्या दिवाळीहून परत आल्यावर मी एकदाच अण्णांकडे गेले होते. शनिवारीच. दामल्यांनी येणं बंद केलं होतं. अण्णा एकटेच कोरी कार्डं पुढ्यात घेऊन बसले होते. मी उभ्यानेच विचारलं.

"अण्णा, तुम्ही प्रस्तावनेत घालतो म्हणाला होता."

ते पेन्सिलीचं टोक काढत राहिले. "बस की."

"नको."

"तूच आणलीस ना ती गोष्ट? जो दाखवतो त्याला नाव नसतं."

"मग मुखपृष्ठावर कुणाचं आहे?"

ब्लेड थांबलं. ते म्हणाले, "पुस्तकाला एक नाव लागतं, माणिक. तीन नावं घातली असती, तर त्यांनी काय म्हटलं असतं माहीत आहे? याला कुठलं येतंय, त्या दोघा शिकलेल्यांनी करून दिलं."

"पण आम्ही केलं होतं, अण्णा."

स्वयंपाकघराच्या दारातून अक्का म्हणाल्या, "भ्यालास म्हण. एवढं लांबण कशाला लावतोस?"

"तू आत जा."

"जाते. पण भ्यालास म्हण तिला."

अण्णांनी ब्लेड पुन्हा पेन्सिलीला लावलं. मी चपला घातल्या. मागून मला हाक ऐकू येईल असं जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत वाटत होतं. आवाज तर केवढा मोठा होता त्यांचा.

दोन वर्षं मी गेले नाही. शनिवार सकाळी काय करायचं हे मला कळत नसे. टिपणांची वही कपाटात खाली टाकून दिली. वाचताना एखादा शब्द अडला, तर ओलांडून पुढे जायला शिकले. मेट्रोतून जाताना त्यांच्या भागातलं स्टेशन आलं, की मी फोनमध्ये बघत बसायचे. त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्याइतकं बोलण्यासारखं दुसरं कुणी नाही याचा त्याहून जास्त राग येत होता. आईच्या जाण्याचंही मी त्यांना कळवलं नाही. कुणाकडून तरी त्यांना कळलं असणार. एक पोस्टकार्ड आलं. पत्ता त्यांच्या पेन्सिलीतला, मागची बाजू कोरी. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

मग एके सकाळी अक्कांचा फोन आला. अण्णांना झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं आहे. "तू ये म्हणत नाही मी," अक्का म्हणाल्या. "सांगितलं आपलं."

मी गेले.

पुढच्याच खोलीत पलंग टाकला होता. शर्ट इस्त्रीचा होता. अक्कांनी घातला असणार. खिशात पेन्सिली नव्हत्या. मला बघून त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, त्याला शब्दाचा आकार नव्हता. मी खुर्ची ओढून बसले. हवेबद्दल बोलले, मेट्रोच्या गर्दीबद्दल बोलले. ते माझ्याकडे बघत नव्हते. डावा हात उचलून भिंतीकडे दाखवत होते. तिथे फळी होती. फळीवर कोश, डबे, देवाचा फोटो.

"कोश हवाय?"

त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळेना. हात तसाच.

मी एक कोश काढून दाखवला, दुसरा दाखवला. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. बोट थोडं उजवीकडे सरकलं. तिथे कॉफीचे डबे होते.

"कॉफी?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं, हो म्हणताहेत. अक्कांनी करून दिलेली कॉफी मी चमच्याने भरवली. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड फिरवलं. स्वल्प, मी मनात म्हटलं. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही, एवढंच मी घरी घेऊन आले.

आठ दिवसांनी ते गेले.

तेराव्याला दामलेही आले होते. जेवणं झाल्यावर अक्कांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. पलंग काढला होता. त्यांनी स्टुलावर चढून फळीवरचा चौथा डबा काढला. "यात काय कपटे भरलेत कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "फेकायला गेले, तर त्यावर तुझीच अक्षरं दिसली."

झाकण घट्ट बसलं होतं. दामल्यांनी चमच्याने उचकटलं. आत कागदाचे छोटे तिरके त्रिकोण होते. शेकडो. सुटे नव्हते, रबरबँडने बांधलेल्या गड्ड्या होत्या, दोन. एकीवर दामल्यांची आद्याक्षरं, दुसरीवर माझी. मा. स. मा. स. मा. स. एकही तुकडा चुरगळलेला नव्हता. आत तांदळाची पुरचुंडी ठेवली होती, दमट होऊ नयेत म्हणून.

"यादी केली की, म्हणाले होते," दामले म्हणाले. नेहमी ते अशा वेळी हसत. हसले नाहीत.

आम्ही खोक्यांवरचं धोतर काढलं आणि कार्डं बाहेर घेतली. तुकडे जुळवून बघायला बसलो. जुळेनात. सगळे कोपरे एकाच मापाचे, एकाच तिरप्या रेघेत कापलेले; कुठलाही तुकडा कुठल्याही कार्डाला बसत होता. कुठला शब्द कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. माझ्याकडे माझी सही होती आणि ती कशाखाली केली होती ते नव्हतं. दामल्यांनी थोड्या वेळाने आपली गड्डी रबरबँडसकट खिशात घातली आणि म्हणाले, "नातवाला दाखवीन. पत्ते म्हणून."

एकच तुकडा जुळला. हिएरोफांतेसचा. ती सही मोठी होती, कात्री तिच्यातूनच गेली होती. 'मा'चा काना कार्डावर आधारांच्या ओळीत राहिला होता, बाकीचं त्रिकोणावर. मी दोन्ही शेजारी ठेवलं. काना बरोबर जागेवर आला. अक्कांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "चिकटपट्टी देऊ?"

मी नको म्हटलं. आई नाही. पुस्तक छापून झालं, ते लोकांच्या कपाटांत आहे, त्यात काय लिहिलंय ते लिहिलंय. तुकडा मी डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं. डबा आता माझ्याकडे आहे.

हे तुकडे त्यांनी का ठेवले, आणि ठेवायचे होते तर कापले का, हे मी त्यांना विचारू शकले असते अशी दोन वर्षं मी घरी बसून घालवली. आणि ज्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले त्या दिवशी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते. कॉफी आणायला आत जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी मी एकदा मागे वळून पाहिलं होतं. ते पलंगावर तसेच पडून होते. डोळे उघडे. डावा हात वर, फळीकडे धरलेला. माझी पाठ फिरली होती, तरी त्यांनी तो खाली घेतला नव्हता.